विकतचं आहे का?

गेल्या दिवाळीत आत्या सांगलीच्या घरी फराळाला आली होती. तिने चकलीचा तुकडा मोडला, तोंडात टाकला, डोळे किंचित मिटले आणि म्हणाली, "वहिनी, काटा काय सुंदर आलाय! भाजणी कुठून दळून आणलीत?" आई म्हणाली, "आपली नेहमीचीच गिरणी." मी समोर बसून चिवड्यातले शेंगदाणे वेचत होते. त्या चकल्या दोन दिवसांपूर्वी पुण्याहून येताना मीच आणल्या होत्या, अर्ध्या-अर्ध्या किलोची चार पाकिटं. आईने ती कात्रीने कापून स्टीलच्या डब्यात रिकामी केली होती आणि रिकामी पाकिटं कचऱ्याच्या डब्यात सगळ्यात खाली, वर्तमानपत्राखाली दाबली होती.

आत्याने चार चकल्या खाल्ल्या. जाताना डब्यात भरूनही नेल्या.

मी आत्याला ओळखते. त्याच दिवाळीत एका नातेवाइकांकडे यजमानीणबाईंनी सरळ सांगितलं होतं की यंदा सगळं बाहेरून आणलंय. तेव्हा आत्याने चकली अर्धी खाऊन ताटलीत ठेवली आणि बाहेर पडल्यावर म्हणाली, "तरीच. तेलाचा वास येत होता." त्या चकल्या कुठल्या होत्या, ते मला माहीत नाही. पण आमच्याकडच्या चकल्याही पामोलिनमध्येच तळलेल्या होत्या. पाकिटामागे तसं छापलेलं होतं. आत्याला तो वास आमच्याकडे आला नाही.

आत्या खोटं बोलत होती, असं मला अजिबात वाटत नाही. तिला खरोखरच एकीकडे काटा दिसला आणि दुसरीकडे तेल जाणवलं. मग तिला नेमकी कशाची चव लागली? चकलीची, की एका शब्दाची? विकतच्या खाण्यापिण्याबद्दल आपण इतकी मतं देतो, स्टार देतो, रील बनवतो. त्या मतांचं काय करायचं, याचा विचार मी तेव्हापासून करतेय. हा लेख त्या विचारांचा हिशेब आहे.

एक शब्द, एक निकाल

मराठीत ‘विकतचं’ या शब्दाला पहिल्यापासूनच वाईट वास आहे. विकतचं दुखणं, विकतचं श्राद्ध. जे आपल्याकडे नव्हतं, गरजेचंही नव्हतं आणि तरी पैसे मोजून अंगावर घेतलं, ते विकतचं. ताटातल्या पदार्थाला हा शब्द लागला की निकाल आधीच लागलेला असतो. चव नंतर पुरावे गोळा करते.

गंमत म्हणजे हा निकाल सगळ्या विकतच्या पदार्थांना लागत नाही. "पाव विकतचा आहे का?" असं कुणी विचारत नाही. बिस्किटं, पेढे, फरसाण, शेव-गाठी यांनाही नाही. बाकरवडी पाहा. चितळ्यांची बाकरवडी यंत्रावर होते, हे साऱ्या महाराष्ट्राला माहीत आहे आणि त्यात कुणाला उणेपणा वाटत नाही. उलट कुणी हौसेने घरी बाकरवडी केलीच, तर आपण म्हणतो, "अगदी चितळ्यांसारखी झालीये!" म्हणजे इथे विकतचं हा मूळ नमुना आहे आणि घरचं त्याची नक्कल.

मग ‘विकतचं’ नेमकं कशाला म्हणतात? चकली, लोणचं, पुरणपोळी, मोदक, भाजणी, मसाला, लाडू. ही यादी मी मनाशी लिहून काढली तेव्हा एक गोष्ट लख्ख दिसली. घरातल्या बाईने जे करायलाच हवं असं गृहीत धरलेलं होतं, तेवढंच न केल्यास विकतचं ठरतं. हा शब्द पदार्थाची चव सांगत नाही. तो हजेरी घेतो. "विकतचं आहे का?" या प्रश्नाचा अर्थ "तू गैरहजर होतीस का?" असा आहे. आईने हजेरी लावली, एवढंच.

यातही एक फट आहे. आमच्याकडे माझ्या वाढदिवसाला गुलाबजाम व्हायचे आणि ते ‘घरचे’ असायचे. पुढे मोठी झाल्यावर कळलं की ते पाकिटातल्या मिक्सचे होते. पुण्याची गिट्स कंपनी १९६३पासूनची. म्हणजे माझी आई जन्मायच्या आधीपासून लोक पाकीट फोडून घरचे गुलाबजाम करतायत. मिक्समध्ये मैदा, दूध पावडर, फुगवायला सोडा, सगळं तयार. आपण पाणी घालायचं, गोळे वळायचे, तळायचे, पाकात सोडायचे. खवा आणून तो मळण्याची, गोळा तेलात फुटेल की काय ही धाकधूक सोसण्याची पायरी कंपनीने उचलली. तरी ते ‘घरचे’ राहिले, कारण कढईसमोर घरातलं माणूस उभं होतं. कुठे उभं राहिलं म्हणजे घरचं, यावर आपला निकाल अवलंबून आहे. जिभेचा इथे संबंध फार थोडा.

लोणच्याची परीक्षा

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. आमच्याकडे दोघांचं मत पटलं नाही की कुणीतरी म्हणतं, ए-बी टेस्ट करू. वापरणाऱ्यांना न सांगता दोन प्रकार दाखवायचे आणि काय होतं ते पाहायचं. मागच्या पावसाळ्यात आई आठवडाभर माझ्या फ्लॅटवर राहायला आली होती, तेव्हा मी हाच प्रयोग कैरीच्या लोणच्यावर केला. तीन सारख्या वाट्या. एकीत आईचं लोणचं, दुसरीत भीमथडी जत्रेतून आणलेलं एका बचतगटाचं, तिसरीत सुपरमार्केटमधली बाटली. खाणारे चौघं: माझ्या दोन रूममेट, माझा भाऊ आणि शेवटी आई. प्रत्येकाला दोन वेगळे प्रश्न. घरचं कुठलं? आणि दहीभाताबरोबर कुठलं घ्याल?

बाटलीचं लोणचं तिघांनी ओळखलं. त्यात लपण्यासारखं काही नव्हतं. फोडी नेमक्या एका मापाच्या आणि तोंडात घातल्यावर मिठाच्या आधी नाकात चढणारा एक टोकदार आंबटपणा. तो अॅसेटिक अॅसिडचा, म्हणजे व्हिनेगरमधल्या आम्लाचा. लेबलवर आयएनएस २६० असं लिहिलेलं असतं. कैरीचा आंबटपणा फोड चावल्यावर येतो, हा आधीच हजर असतो. आईचं आणि बचतगटाचं यांत मात्र गोंधळ उडाला. भावाने बचतगटाच्या लोणच्याला छातीठोकपणे "हे आपलं" म्हटलं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला अनपेक्षित होतं. दोघींनी दहीभाताबरोबर बाटली निवडली. नांदेडची रूममेट म्हणाली, "अगं, सहा वर्षं होस्टेलला मेसमधल्या भातावर हेच लोणचं होतं माझं. मला हीच घरची चव वाटते." तिच्या आईच्या हाताला चव नाही, असं ती म्हणत नव्हती. तिच्या घरापासून दूर असलेल्या वर्षांना तीच चव चिकटली होती.

शेवटी आई. तिने दुसरी वाटी चाखली आणि तिथेच थांबली. "हे माझं. यंदा मीठ चढलंय." तिसरी वाटी तिने चाखलीच नाही.

तिने आपलं लोणचं ओळखलं ते त्यातल्या चुकीवरून. मला वाटतं, घरच्या आणि विकतच्या पदार्थांतला चवीचा खरा फरक तिथे आहे. घरचं दर वर्षी वेगळं होतं. कैरी उशिरा मिळाली, मोहरी जास्त चढली, पावसाची सर आली आणि बरणीला ओल लागली. चांगलं वर्ष असतं, वाईट वर्ष असतं. बाटलीला वर्ष नसतं. जानेवारीत घ्या, जुलैत घ्या, तीच फोड, तेच मीठ. हा तिचा गुण आहे आणि मोठा गुण आहे. लाखो बाटल्यांमध्ये चव तसूभर न हलू देणं हे अवघड काम आहे, हे माझ्या धंद्यातला कुणीही मान्य करेल. पण जे कधी बिघडत नाही, ते कधी भलतंच छानही होत नाही. आईचं २०१९चं लोणचं आम्ही अजून आठवतो. २०१९ची बाटली कुणाला आठवणार?

वाहवा आणि विष

विकतच्या खाण्याबद्दल हल्ली फोनवर दोन प्रकारची मतं मिळतात. एक वाहवावाली. माणूस पाकीट फोडतो, एक घास घेतो, डोळे विस्फारतो आणि मान हलवतो. घास गिळायच्या आधीच निकाल. दुसरी विषवाली. माणूस पाकीट उलटं करतो, आयएनएसचे आकडे वाचतो आणि सांगतो की हे तुम्ही आपल्या मुलांना देताय.

दुसऱ्या प्रकाराने कामाची गोष्ट केली आहे, ती मोकळेपणाने मान्य करायला हवी. २०२३मध्ये रेवंत हिमतसिंगका यांनी बोर्नव्हिटातल्या साखरेबद्दल व्हिडिओ केला. कंपनीची कायदेशीर नोटीस आल्यावर त्यांना तो काढावा लागला, पण तोवर तो घरोघरी पोचला होता. २०२४च्या एप्रिलमध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्रेत्यांना सांगितलं की अशी पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या सदराखाली विकू नका. एका माणसाने पाकिटाची मागची बाजू मोठ्याने वाचली आणि पुढच्या बाजूचा एक शब्द गेला. समीक्षेकडून याहून जास्त अपेक्षा काय करायची?

पाकीट वाचायची सवय प्रत्येकाने लावून घ्यावीच. नियम सोपा आहे: घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. पहिलं नाव साखरेचं असेल तर तुम्ही मुख्यतः साखर विकत घेताय, चित्र कशाचंही असो. बाटलीवर आंबा ओथंबून वाहत असला, तरी ‘फ्रूट ड्रिंक’ म्हणवून घ्यायला त्यात १० टक्के फळ असलं की पुरतं. लिंबाच्या बाबतीत तर ५ टक्केच. आइस्क्रीम आणि ‘फ्रोझन डेझर्ट’ फ्रीजरमध्ये शेजारी-शेजारी असतात. पहिल्यात दुधाची स्निग्धता असते, दुसऱ्यात वनस्पती तेलाची. दोन शब्दांचा फरक, पण जिभेवर वितळण्यात तो कळतो. तेलाचं डेझर्ट गेल्यावर टाळूला एक पातळ साय चिकटून राहते.

पण या वाचनालाही मर्यादा आहेत. आयएनएस हा आकडा दिसला की विष, असं समीकरण झालं आहे. आयएनएस ३३० म्हणजे सायट्रिक अॅसिड, लिंबातलं आम्ल. ३०० म्हणजे क जीवनसत्त्व. ३२२ म्हणजे लेसिथिन, अंड्याच्या बलकातही असतं आणि सोयाबीनमध्येही. आकडा ही फक्त ओळख आहे. कुठला पदार्थ, किती आणि तुम्ही तो रोज खाता की महिन्यातून एकदा, हे प्रश्न आकड्याच्या पुढचे आहेत.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट अशी की आईच्या डब्याला लेबलच नसतं. आमच्याकडे चकल्या तळून उरलेल्या तेलात शंकरपाळे व्हायचे, मग पुऱ्या, मग ते तेल फोडणीला जायचं. हे कुणी छापलं असतं, तर आमच्या घरचं एक पाकीट खपलं नसतं. बचतगटाच्या बरणीवर हाताने लिहिलेली चिठ्ठी असली की आपण काही न विचारता घेतो. छापील यादी मात्र भिंग लावून वाचतो. विश्वास कुठे ठेवायचा, हे आपण आधी ठरवतो आणि वाचन त्यानंतर सुरू होतं.

माझे शेरे

मग विकतच्या वस्तूची नीट समीक्षा कशी करायची? माझं म्हणणं एवढंच: तिने काय द्यायचं कबूल केलं होतं ते पाहायचं, कुठल्या वेळी खाल्ली ते सांगायचं आणि ती घरची नाही याचे गुण कापायचे नाहीत. या पद्धतीने गेल्या वर्षभरातले काही शेरे.

कपातले इन्स्टंट पोहे. झाकण उघडा, उकळतं पाणी ओता, थांबा. पोहे भिजतात, पण फुलत नाहीत. कांदेपोह्यांची चव झाकण ठेवून काढलेल्या वाफेत असते आणि वरून पडणाऱ्या तीन ओल्या गोष्टींत: खोबरं, कोथिंबीर, लिंबू. नेमक्या या तिन्ही वाळवल्या की संपतात. वाळलेली कोथिंबीर नुसता हिरवा रंग असते आणि लिंबाच्या जागी आलेली आंबट पावडर वास न घेता येते. सकाळी घरी हे खाल्लं तर वाईट वाटतं. रात्री साडेअकराला, रिलीज अडकलेलं असताना, ऑफिसच्या पँट्रीत उभ्याने खाल्लं तर मोहरी आणि हळदीचा नुसता वाससुद्धा पुरतो. तेव्हा मी त्याला चारांपैकी तीन गुण दिले असते.

कोकम सरबत. बाटलीतल्या सरबताची यादी साखरेपासून सुरू होते, ते साहजिक आहे. सरबतात साखर असणारच. मी रंग पाहते. कोकमाचा लाल रंग नाजूक असतो, उजेडाने आणि दिवसांनी तो मातकट होत जातो. सहा महिने खिडकीत राहूनही बाटली लालभडक दिसत असेल, तर यादीत रंगाचं नाव शोधा. माझा सल्ला: सरबताऐवजी आगळ घ्या. ते नुसत्या कोकमाचं आणि मिठाचं असतं. साखर घालून सरबत करा किंवा नारळाचं दूध घालून सोलकढी. अर्धं काम विकतचं, अर्धं तुमचं.

गोठवलेले उकडीचे मोदक. यावर मी नाक मुरडायला बसले होते आणि गप्प झाले. तांदळाची उकड थंड झाली की कडक होते, कारण शिजलेल्या स्टार्चचे रेणू पुन्हा एकमेकांना घट्ट धरतात. फ्रीजच्या साध्या कप्प्यात हे सगळ्यात वेगाने घडतं. म्हणून कालचा घरचा मोदक आज वातड लागतो. झटपट गोठवलेल्या मोदकात ही क्रिया जवळजवळ थांबते आणि पुन्हा वाफ दिली की पारी बरीचशी मऊ होते. कळ्या बोथट होत्या, सारणात वेलदोडा कमी होता. पण चतुर्थीच्या दुपारी बंगळूरला, जिथे माझ्या मैत्रिणीला नारळ खवायची विळीसुद्धा मिळाली नव्हती, तिथे तो मोदक पानात होता. वर तूप मात्र सढळ हाताने घाला. कोरडेपणा तिथे मिटतो.

पाऊचमधलं मसाला ताक. घरच्या ताकाहून दाट, मीठ जास्त, हिंगही जास्त. घरी जेवणानंतर ते जड वाटतं. मे महिन्यात एसटी स्टँडवर, गाडी तासभर उशिरा असताना, कोपरा दाताने फाडून पिताना ते मुद्दाम असंच बनवलंय हे कळतं. घामाने गेलेलं मीठ ते भरून काढतं.

पाच रुपयांचं बिस्किट पाकीट. याची चव बदलत नाही, किंमतही फारशी बदलत नाही. बदलतं ते वजन. वर्षागणिक काही ग्रॅम कमी होतात आणि कुणी हरकत घेत नाही, कारण आकडा छोट्या अक्षरात असतो आणि पाचाचं नाणं खणखणीत. इथे मी चवीला पैकीच्या पैकी देते आणि नेमके याच गोष्टीचे गुण कापते. महागाई सांगून यावी, हळूच येऊ नये.

पापडाचा प्रश्न

आता या सगळ्यात न बसणारी एक गोष्ट. पापड.

उन्हाळ्यातलं वाळवण हे एकेकाळी घरच्या कामातलं सगळ्यात मोठं काम. उडदाचं घट्ट पीठ कुटायचं, लाट्या करायच्या, पातळ लाटायचे, गच्चीवर वाळत घालायचे, कावळ्यांकडे लक्ष ठेवायचं. १५ मार्च १९५९ला मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन हेच काम विक्रीसाठी सुरू केलं. तेच पुढे लिज्जत. त्या सात जणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१मध्ये पद्मश्री मिळाली.

लिज्जतची कामाची पद्धत पाहण्यासारखी आहे. पीठ शाखेत मळलं जातं, म्हणजे कृती आणि दर्जा एक राहतो. बहिणी ते पीठ घरी नेतात, घरी लाटतात, घरी वाळवतात, शाखेत आणून देतात आणि मजुरी घेतात. काम करणारी प्रत्येक बाई संस्थेची भागीदार असते. आता सांगा, हा पापड विकतचा की घरचा? तो खरोखर कुणाच्या तरी घरी, कुणाच्या तरी पोळपाटावर लाटलेला आहे. आणि तो दुकानातूनही आलेला आहे. जेवायला बसल्यावर त्याच्याबद्दल कुणी "विकतचा आहे का?" असं विचारत नाही.

पापडाचा विचार करताना माझ्या डोक्यातली जोडी मोडली. मी इतके दिवस विकतचं विरुद्ध घरचं अशी मांडणी करत होते. पण ‘विकत’चा विरुद्ध शब्द कुठल्याही शाळकरी मुलाला विचारा. तो सांगेल, ‘फुकट’. घरच्या चकलीच्या किमतीत भाजणी, तेल, गॅस सगळं धरलं जातं. सोऱ्या दाबणारं मनगट धरलं जात नाही. पापडाच्या बाबतीत ते धरलं गेलं, त्या दिवशी तो विकतचा झाला आणि तरीही घरातच लाटला जात राहिला.

याचा अर्थ सगळी पाकिटं गोड मानून घ्यावीत असा नाही. ‘घरगुती’, ‘आईच्या हातची’, ‘आजीच्या बटव्यातली’ असे शब्द छापून कारखान्यातून जे येतं, त्यात आईही नसते आणि आजीही नसते. लिज्जतची बाई भागीदार आहे. या पाकिटांवरची आई फक्त चित्रात आहे, आणि तिच्या नावावर भाव लावून मिळणारे पैसे तिच्याकडे येत नाहीत.

दुसरं नुकसान अधिक खोल आहे. आमच्याकडे सांगलीला कांदा-लसूण मसाला, पुण्यात गोडा, मराठवाड्यात काळा, कोकणात मालवणी. या प्रत्येकाच्या आत घरागणिक पोटभेद. पाकिटात जाताना ‘महाराष्ट्रीयन’ नावाची एक सरासरी चव तयार होते. कुणालाच झोंबू नये इतकी तिखट आणि कुणालाच आठवू नये इतकी सौम्य. सरासरी काढणं हे माझं रोजचं काम आहे. सरासरी काढली की टोकं कापली जातात, आणि खाण्यातली मजा बरीचशी टोकांना असते. भावी काळात आपल्याला कांदा-लसूण मसाला ओळखता येणार नाही, याची मला आयएनएस ३३०पेक्षा जास्त भीती वाटते. तो वाचवायचा तर त्याची कृती वहीत उतरवायला हवी, आणि करणाऱ्या बाईला किलोमागे पैसेही द्यायला हवेत. नुसतं "आईसारखा कुणाला जमत नाही" म्हणून तो टिकणार नाही. आपण ते म्हणतो आणि पाट्यावर तिलाच बसवतो.

चकलीबद्दल

आत्या गेल्यावर त्या रात्री मी आईला विचारलं, "सांगितलं का नाहीस?"

ती भांडी पुसत होती. म्हणाली, "तीस वर्षं केल्या. मनगट दुखतं का, असं कुणी एकदा विचारलं नाही. एक वर्ष आणल्या, तर तेवढं मात्र सगळ्यांना सांगायचं?"

मला यावर काही सुचलं नाही. तिला मनगटाचा त्रास आहे हे मला माहीत होतं. म्हणूनच तर मी पाकिटं आणली होती. पण आणताना मी तिला काय म्हणाले होते, ते आठवलं. "आई, या घे, पण तुझ्यासारख्या नाहीयेत हं." मला वाटलं होतं, मी तिचं कौतुक करतेय. खरं तर मीही तिची हजेरीच घेतली होती. आत्याने नकळत विचारलं, मी प्रेमाने विचारलं, फरक तेवढाच.

तेव्हा त्या चकल्यांचा शेरा इथे लिहून टाकते, जो आत्यालाही सांगितला नाही आणि आईलाही. काटा चांगला, आकार एकसारखा. पाकिटात हवेऐवजी नायट्रोजन भरलेला असल्यामुळे फोडेपर्यंत खवट वास नाही. भाजणी कमी भाजलेली, त्यामुळे पहिल्या घासाला डाळीचा किंचित कच्चेपणा. तीळ भरपूर, ओवा नावापुरता. तिखट सगळीकडे सारखं, म्हणजे मध्येच एखादी चकली ठसका लावते आणि सगळे हसतात, ती गंमत नाही. डब्यात भरल्यावर चौथ्या दिवशी सादळल्या. आईच्या आठव्या दिवशी सादळतात. एकूण चांगल्या. आईच्या चांगल्या वर्षापेक्षा कमी, वाईट वर्षापेक्षा बऱ्याच सरस. पुन्हा घेईन.

यंदा आईने भाजणी भाजून दिली आणि आमच्या गल्लीतल्या एका काकूंनी किलोमागे पैसे घेऊन चकल्या तळून दिल्या. काटा थोडा बसका आलाय. आत्या भाऊबीजेला येणार आहे. या चकल्यांना घरच्या म्हणायचं की विकतच्या, ते आम्ही अजून ठरवलेलं नाही. आई म्हणते, "विचारलंच तर तू सांग." मी काकूंचा नंबर फोनमध्ये वरच काढून ठेवलाय.